पाच सेकंदांचा शेरा

2025 च्या मे महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, तुझा तो जुना खेळ नव्यानं आलाय, माहीत आहे ना?"

माहीत होतं. 22 एप्रिलला बेथेस्डा कंपनीनं 'ऑब्लिव्हियन' हा 2006 सालचा आपला खेळ नवे कपडे चढवून एकदम बाजारात उतरवला होता. आदल्या दिवसापर्यंत अधिकृत घोषणा नाही, तारीख नाही. पण भाच्याची अडचण वेगळी होती. खेळातल्या एका खाणावळीत त्याला एक छोटा बदल करायचा होता. दार उघडल्यावर तीन सेकंद थांबून मालकीणबाईनं काहीतरी बोलावं, एवढंच. त्यानं आजकालच्या रीतीप्रमाणे संगणकातल्या बोलक्या मदतनीसाला विचारलं. त्यानं लगेच, अगदी आत्मविश्वासानं, 'युटिलिटी डॉट वेट' लिही म्हणून सांगितलं. ते काही केल्या चालेना.

"चालणार नाही," मी म्हटलं. "ते स्कायरिमचं आहे. ऑब्लिव्हियनमध्ये थांबा म्हणून सांगायची सोयच नाही. तिथं सेकंद आपण मोजायचे."

"हे तुला कसं ठाऊक?"

कसं ठाऊक म्हणजे, कुणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून. त्या लिहून ठेवण्याच्या भानगडीत माझाही थोडा हात आहे, आणि त्यात मी एक चूकही करून ठेवली होती. फोनवर एवढं सगळं सांगणं जमलं नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

ज्यांनी आयुष्यात कधी व्हिडिओ गेम खेळला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. (तुमच्यापैकी पुष्कळजण तसेच असणार. काळजी करू नका, मीही इतिहासाचा बी. ए., संगणकशास्त्राशी माझा काडीचा संबंध नाही.) आपल्याकडे जत्रेला, काल्याला गावची मंडळी मराठी नाटक बसवतात. रंगमंचावर राजा असतो, शिपाई असतात, पण पडद्यामागे वही घेऊन एकजण उभा असतो. राजा सिंहासनावर बसला की तुतारी वाजवा, शिपायानं भाला आपटला की दिवे मालवा. त्या वहीतल्या सूचना म्हणजे खेळातली स्क्रिप्ट. पेटी उघडली तर काय व्हावं, अमुक माणूस मेला तर तमुकानं काय बोलावं, हे सगळं अशा बारीक बारीक सूचनांनी बांधलेलं असतं. बहुतेक कंपन्या ही वही कुलपात ठेवतात. अमेरिकेतल्या मेरीलँडच्या या बेथेस्डानं मात्र 2002 साली 'मॉरोविंड' हा खेळ विकताना, ज्या हत्यारानं खेळ घडवला त्याची एक आवृत्तीच तबकडीबरोबर लोकांना देऊन टाकली. त्याचं नाव कन्स्ट्रक्शन सेट. हवं तर तुम्ही स्वतःचं गाव वसवा, स्वतःची माणसं त्यात सोडा!

हत्यार दिलं, पण ते वापरायचं कसं याची माहिती तुटपुंजी. सोबत मदतीची एक फाईल होती. तिच्यात आज्ञांची यादी होती, पण पुष्कळ आज्ञांपुढे जेमतेम एक ओळ, आणि ती ओळही दर वेळी खरी असेलच असं नाही. मॉरोविंडची स्क्रिप्ट भारी सोवळ्याची. बेरजेच्या किंवा तुलनेच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडली नाही, तर ती भलताच अर्थ घ्यायची किंवा गप्प बसायची. चूक झाली हे सांगायचीसुद्धा नाही. अशा गोष्टी फाईल वाचून कळत नाहीत. कुणीतरी रात्र घालवतो, डोकं आपटतो, मग कळतं.

ज्यांना कळलं त्यांनी ते एकत्र करायला घेतलं. त्यातून 'मॉरोविंड स्क्रिप्टिंग फॉर डमीज' नावाचा एक दस्तऐवज तयार झाला. नाव थट्टेचं, काम गंभीर. एका हौशी माणसानं टोपणनावानं सुरू केलेला, मग अनेकांनी भर घातलेला, एकाकडून दुसऱ्याकडे संपादन गेलेला. त्याची नववी आवृत्तीही निघाली. कंपनीनं एक पैसा दिला नाही आणि कुणी मागितलाही नाही. त्यात प्रत्येक आज्ञेपुढे ती काय करते हे होतंच, पण ती काय करत नाही हेही होतं. माझ्या मते संदर्भग्रंथाची खरी किंमत या दुसऱ्या भागात असते. आज्ञेच्या नावावरून ती काय करते याचा अंदाज कुणीही बांधू शकतो. नाव एक सांगतं आणि आज्ञा दुसरंच करते, ते अनुभव घेतलेल्यानंच सांगावं लागतं.

पण दस्तऐवजाची एक अडचण असते. आवृत्ती निघेपर्यंत थांबावं लागतं. 2006 च्या मार्चमध्ये ऑब्लिव्हियन आला, त्याचा कन्स्ट्रक्शन सेट त्याच सुमारास आंतरजालावरून फुकट उतरवून घेता येऊ लागला, आणि या वेळी कंपनीनं शहाणपणा केला. माहितीपुस्तक लिहून देण्याऐवजी विकी उघडून दिला. म्हणजे कंपनीनं सुरुवातीची पानं टाकायची, पुढे ज्याला जे सापडेल त्यानं ते लिहायचं, दुसऱ्यानं दुरुस्त करायचं. विकीची कल्पना तेव्हा काही अगदी कोवळी नव्हती. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरनं 1995 साली पहिला विकी काढला तो प्रोग्रामर लोकांनी आपापले अनुभव लिहून ठेवावेत म्हणूनच. नाव घेतलं होनोलुलूच्या विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून, हवाई भाषेत त्याचा अर्थ झटपट. आपला मराठी विकिपीडियासुद्धा 1 मे 2003 ला सुरू झाला होता. पण खेळ विकणाऱ्या कंपनीनं आपल्या हत्याराचं माहितीपुस्तक ग्राहकांच्या हाती सोपवावं, हे तेव्हा नवलच होतं.

मी त्या वेळी पणजीतल्या एका सरकारी कार्यालयात एल.डी.सी. होतो. फोंड्याहून रोज कदंबची बस, संध्याकाळी परत. घरी बीएसएनएलचं ब्रॉडबँड घेतलं होतं, त्यात रात्री दोन ते सकाळी आठपर्यंत कितीही उतरवून घ्या, पैसे नाहीत. त्यामुळे त्या काळातलं माझं सगळं शिक्षण पहाटेचं. आई उठून चूल पेटवायची तेव्हा मी झोपायला निघालेलो असायचो. "ऑफिसात झोपतोस काय रे?" म्हणून ती विचारायची. मी उत्तर देत नसे.

मला खेळात करायचं होतं ते अगदी क्षुल्लक. सिरोडील नावाच्या त्या काल्पनिक देशात मी एक झोपडी बांधली होती. संध्याकाळी सात वाजता तिच्या दाराशी दिवा लागावा आणि रात्री दहाला मालवावा, एवढीच इच्छा. आपल्याकडे तुळशीपाशी दिवा लावतात तसा. खेळातलं घड्याळ किती वाजले हे सांगणारी 'गेटकरंटटाइम' नावाची आज्ञा होती. सात वाजून गेले असतील तर दिवा दाखव, दहा वाजले की लपव. चार ओळींचं काम.

दिवा लागला, पण उशिरा. सात वाजून एक मिनिट, कधी दोन मिनिटं. खेळाच्या घड्याळात हो, आपल्या नाही. गोव्याच्या मानानं हे अगदीच वक्तशीर म्हणायला हवं, पण संगणकाकडून आपली अपेक्षा निराळी असते. तीन पहाटा मी माझ्याच चार ओळींत चूक शोधत होतो. शेवटी विकीवर क्वेस्ट स्क्रिप्टच्या पानावर एक बारीक शेरा सापडला. खेळातल्या वस्तूला चिकटवलेली स्क्रिप्ट, ती वस्तू आसपास असली, की पडद्यावर चित्र बदलेल त्या प्रत्येक वेळी चालते. पण जी स्क्रिप्ट वस्तूला नव्हे तर कथानकाला जोडलेली असते, ती दर पाच सेकंदांनी एकदाच चालते. खेळात अशी शेकडो कथानकं, सगळी क्षणोक्षणी तपासत बसलं तर यंत्र दमेल, म्हणून. आणि खेळातला काळ मुळात आपल्या तीसपट वेगानं धावतो. म्हणजे आपले पाच सेकंद ही तिथली अडीच मिनिटं. झालं, कोडं सुटलं!

त्याच शेऱ्यात उपायही होता. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'एफक्वेस्टडिलेटाइम' या नावाचा चल जाहीर करायचा आणि त्याला हवा तो आकडा द्यायचा. नाव नेमकं तेच हवं. खेळाचं यंत्र ते नाव ओळखतं आणि त्याप्रमाणे वेग बदलतं. हे नाव स्वतःहून कुणाला सुचेल? शक्यच नाही. एखाद्या कार्यालयात अर्ज कुठल्याही खिडकीवर द्या, पण पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात अमुक शब्द लिहिला असेल तरच तो त्याच दिवशी साहेबांकडे जातो, असा काहीसा प्रकार. आतल्या माणसानं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

त्या दिवसापासून मला त्या विकीचा नाद लागला. आधी नुसता वाचायचो. सगळ्यात आवडायची ती अशी पानं, जिथं यंत्राचा विक्षिपणा सापडलेला असायचा. एक नमुना सांगतो, कारण तो कारकुनालाच नीट कळेल. समजा मला सांगितलं, "कपाटात फाईल असेल आणि फाईलच्या पहिल्या पानावर शिक्का असेल, तर पुढे पाठव." मी कपाट उघडणार, फाईल नसेल तर कपाट बंद करून चहाला जाणार. शिक्का बघायचा प्रश्नच येत नाही. जगातल्या बहुतेक संगणकभाषाही असंच वागतात. ऑब्लिव्हियनची भाषा मात्र कपाट रिकामं असलं तरी शिक्का शोधायला जाते. नसलेल्या फाईलचं पहिलं पान उलटायला जाते आणि स्क्रिप्ट तिथंच कोलमडते, तेही चकार शब्द न काढता. म्हणून तिथं एकाच वाक्यात दोन अटी घालायच्या नाहीत. आधी फाईल आहे का विचारा, मग तिच्या पोटात दुसरी अट. हे ज्यानं पहिल्यांदा शोधून काढलं त्याच्या किती रात्री गेल्या असतील कोण जाणे.

किंवा पेटीचं घ्या. पेटी उघडली की काहीतरी घडावं म्हणून तुम्ही 'ऑनअ‍ॅक्टिव्हेट'चा भाग लिहिता. घडायचं ते घडतं, पण पेटीच उघडत नाही! कारण तुम्ही त्या उघडण्याची जबाबदारी स्वतःवर घेतलीत असं यंत्र समजतं. आता 'अ‍ॅक्टिव्हेट' म्हणून तुम्हीच सांगायला हवं. नवशिका माणूस हमखास इथं अडखळतो. म्हणून ते त्या पानावर लिहिलेलं होतं.

हळूहळू मी लिहूही लागलो. इंग्रजी माझं बेताचं, पण अशा पानांना बेताचंच इंग्रजी लागतं. आज्ञेचं नाव, लिहायची पद्धत, एक उदाहरण, खाली शेरे. टंकनातल्या चुका दुरुस्त कर, तुटलेला दुवा जोड, एकाच गोष्टीची दोन पानं झाली असतील तर एक कर. दिवसभर ऑफिसात जे करायचो तेच पहाटे करत होतो, फक्त पगार नव्हता आणि वर कुणी साहेब नव्हता. शिवाय त्याच 2006 साली काही हौशी प्रोग्रामरनी ऑब्लिव्हियन स्क्रिप्ट एक्स्टेंडर, म्हणजे ओबीएसई, काढला होता. हा खेळाच्या यंत्राला बाहेरून जोडलेला एक जादा डबा. कंपनीनं न दिलेल्या आज्ञा त्यातून मिळायच्या. दर आवृत्तीला नव्या आज्ञांची भर, आणि प्रत्येकीचं पान कुणीतरी करायला हवं. कंपनीच्या विकीवर कंपनीच्या नसलेल्या आज्ञांची पानं वाढत गेली आणि कुणी हरकत घेतली नाही, हेही नोंदवून ठेवण्यासारखं.

आता माझी चूक.

माझा दिवा मी पहिल्यांदा केला तेव्हा 'प्लेसअ‍ॅटमी' ही आज्ञा वापरली होती. हिचं काम म्हणजे नवी वस्तू निर्माण करून पुढ्यात ठेवणं. रोज संध्याकाळी नवा दिवा आण, रात्री त्याला 'डिसेबल' कर. डिसेबल केला की तो दिसेनासा व्हायचा. मी मोठ्या उत्साहानं शेरा लिहिला, की या आज्ञेनं केलेली वस्तू नको असेल तेव्हा डिसेबल करावी, म्हणजे ती खेळातून निघून जाते. लिहिलं आणि झोपलो.

काही महिन्यांनी चर्चेच्या पानावर कुणीतरी दोन ओळी लिहिल्या. शब्द सौम्य होते. अर्थ असा, की वस्तू दिसेनाशी झाली, गेली नाही, आपली सेव्ह फाईल मोजून पाहा. सेव्ह फाईल म्हणजे खेळ जिथं थांबवला तिथली सगळी नोंद. मी मोजली. खेळात एकेक संध्याकाळ जाऊ दिली आणि दर वेळी मोजली. थोडी थोडी वाढतच होती. माझ्या झोपडीच्या दाराशी तेव्हापर्यंत लावलेले सगळेच्या सगळे दिवे तिथंच होते, एकावर एक, न दिसणारे. त्या आज्ञेनं निर्माण केलेली वस्तू सेव्ह फाईलमध्ये ठाण मांडून बसते. लपवली तरी तिची नोंद तशीच राहते. माझ्या खेळात हे काही फारसं जाणवण्यासारखं नव्हतं. पण ज्यानं माझा शेरा वाचून बाण म्हणा, ठिणग्या म्हणा, दर मिनिटाला निर्माण करून लपवल्या असतील, त्याची फाईल फुगत फुगत गेली असणार. आणि हा खेळ लोक महिनोन् महिने खेळतात. शेकडो तासांची मेहनत एका फाईलमध्ये असते.

खरा मार्ग अगदी सोपा होता. दिवा एकदाच कन्स्ट्रक्शन सेटमध्ये हातानं ठेवायचा, सुरुवातीला लपवलेला. मग त्या एकाच दिव्याला रोज दाखव, रोज लपव. दिवा एक तो एकच. आपण घरी दुसरं काय करतो? रोज नवी पणती आणून जुनी अंधारात ढकलत नाही.

शेरा मी त्याच पहाटे दुरुस्त केला. जुनं वाक्य नुसतं पुसावं की 'असं आधी लिहिलं होतं, ते चूक' म्हणून ठेवावं, यावर बराच वेळ घालवला. ऑफिसातली शिस्त अशी, की नोंदवहीत खाडाखोड करायची नाही. चुकीच्या ओळीवर एक रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं, बाजूला सही. खालचं वाचता आलं पाहिजे. विकीत पानाच्या इतिहासात जुनं रूप राहतंच, त्यामुळे बाकीचे लोक बिनदिक्कत पुसायचे. मी मात्र एक ओळ ठेवली: डिसेबल केल्यानं वस्तू नाहीशी होते असा समज आहे, तो बरोबर नाही. माझा स्वतःचा समज असं काही लिहिलं नाही. तेवढा प्रामाणिकपणा पहाटे पाच वाजता जमला नाही.

पण तोवर वाक्य पसरलं होतं. तीनेक वर्षांनी एका रशियन मार्गदर्शिकेत मला ते भेटलं. यंत्रानं भाषांतर करून वाचत होतो, पण उदाहरण ओळखू आलं. सात वाजताचा दिवा! माझाच. कुणीतरी उचललं, भाषांतर केलं, आणि मूळ पान सुधारलं तरी तिथं जुनंच राहिलं. मी त्यांना कळवायचा प्रयत्न केला, पत्ता चालत नव्हता.

1526 साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्यानं तिसवाडीतल्या गांवकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून घेतले, तो फोराल आपल्याला माहीत आहे. गांवकरी त्याआधी शतकानुशतकं चालतच होती, तोंडी आणि वहिवाटीनं. पण एकदा कागदावर आल्यावर वाद उपस्थित झाला, की लोक कागदाकडे बोट दाखवायला लागले. कागदात जे आलं ते रिवाज. कॉलेजात असताना मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याचा भार काय असतो हे त्या रशियन पानापुढे बसून कळलं. (तुलना जरा मोठ्या तोंडाची आहे, कबूल.)

पुढची कथा ओसरण्याची आहे. 2007 मध्ये ऑब्लिव्हियनचा मोठा विस्तार आला, दुरुस्त्यांचा शेवटचा हप्ता आला, आणि खेळाचं यंत्र त्यानंतर बदललं नाही. 2008 मध्ये त्याच कंपनीचा फॉलआउट 3 आला, त्याचं हत्यार निराळं, विकी निराळा. 2011 च्या नोव्हेंबरात स्कायरिम, आणि 2012 च्या फेब्रुवारीत त्याचं क्रिएशन किट. त्यात पॅपिरस नावाची साफ नवी भाषा. भाच्याला मदतनीसानं सांगितलेलं ते 'वेट' तिथलं. लिहिणारे भराभर तिकडे गेले. ऑब्लिव्हियनच्या विकीवर 'अलीकडील बदल' उघडले तर खऱ्या माणसांपेक्षा औषधांच्या आणि चपलांच्या जाहिराती करणारी यंत्रंच जास्त. ती झाडण्यात वेळ जायचा. आमच्या ऑफिसच्या वाळवीसारखं ते, आज मारली की पुढच्या पावसाळ्यात हजर.

आणि त्या वर्षांत आजूबाजूचं महाजालही ढासळत होतं. 2009 च्या ऑक्टोबरात याहूनं जिओसिटीज बंद केलं. खेळांबद्दलची किती तरी हौशी पानं तिथं होती. 2013 मध्ये गेमस्पाय गेलं, त्याच्या आश्रयाला असलेली खेळांची स्थळं बुडाली. पानं तुटत गेली तसे आमच्या विकीतले बाहेरचे दुवे एकेक करून मरत गेले. "सविस्तर माहितीसाठी इथे पाहा", आणि तिथं काहीच नाही. तेव्हा आम्ही, म्हणजे उरलेले चारदोन जण, एक सवय लावून घेतली. नुसता दुवा द्यायचा नाही, तिथलं सार आपल्या शब्दांत पानावरच लिहायचं. मला हे आधी सुचायला हवं होतं. ज्याच्या टेबलावर रोज 'सोबतचा कागद गहाळ' अशा फायली येतात त्याला तरी.

सरकारी बदली झाली, लग्न झालं, मुलगी झाली. 2014 नंतर मी त्या विकीवर एक अक्षर लिहिलं नाही.

मग तो टिकला कसा? एका जुन्या शेजाऱ्यामुळे. 'अनऑफिशियल एल्डर स्क्रोल्स पेजेस', म्हणजे यूईएसपी, हे स्थळ एका कॅनेडियन चाहत्यानं 1995 पासून चालवलेलं. नावातच अनधिकृत. 2005 मध्ये त्याचंही विकी झालं. खेळातली गावं, माणसं, औषधी वनस्पती, सगळ्याची नोंद तिथं आहे. आज ऑब्लिव्हियनच्या कन्स्ट्रक्शन सेटचा तो अधिकृत विकी त्या अनधिकृत छपराखाली आहे, आणि शेजारीच स्कायरिमच्या क्रिएशन किटचाही. चाहत्यांनी कंपनीचं दप्तर सांभाळायचं! आपल्याकडेही जुन्या ग्रामसंस्थांचे कागद कुणाकुणाच्या घरच्या पेटाऱ्यात सापडतात, ते आठवलं.

दप्तराचा उपयोग नुसता हौशींनाच होतो असंही नाही. मॉरोविंडचं यंत्र पहिल्यापासून नव्यानं, मुक्त स्वरूपात लिहिण्याचा ओपनएमडब्ल्यू नावाचा प्रकल्प 2008 पासून चालू आहे. जुनी स्क्रिप्ट नव्या यंत्रावर चालायची तर जुन्याचे विक्षिप चाळेसुद्धा नव्यानं करून दाखवावे लागतात. मूळ यंत्राचा आतला मजकूर कंपनीनं कधीच दिला नाही. तेव्हा जुनं यंत्र कसं वागतं याच्या ज्या नोंदी लोकांनी वर्षानुवर्षं केल्या होत्या, त्यांचा अर्थ इथं एकदम बदलला. कुणाची तरी तक्रार म्हणून लिहिलेली ओळ आता बांधकामाचा नकाशा झाली.

आणि मग 2025 चा एप्रिल. नव्या ऑब्लिव्हियनचं बाहेरचं रूप अनरियल इंजिन 5 चं, पण पोटात जुनंच यंत्र धडधडतं आहे. कंपनीनं सांगितलं, की बाहेरच्या बदलांना या वेळी अधिकृत आधार नाही, हत्यार मिळणार नाही. थोड्याच दिवसांत लोकांनी शोधून काढलं, की 2006 चा कन्स्ट्रक्शन सेट काढून झाडूनपुसून घेतला तर नव्या खेळासाठीही काही प्रमाणात कामाला येतो. ओबीएसईचीही नव्या खेळासाठी आवृत्ती लगेच निघाली. आणि हत्यार हातात घेतलेल्या प्रत्येकाला तोच जुना प्रश्न पडला: ही आज्ञा काय करते? माझ्या भाच्यासारख्या, 2006 साली दूध पिणाऱ्या पोरांना.

"मग तीन सेकंद मोजायचे कसे?" त्यानं फोनवर विचारलं.

मी लॅपटॉप उघडला. 'गेटसेकंड्सपास्ड'चं पान सापडलं. गेल्या खेपेपासून किती वेळ गेला हे ती आज्ञा सांगते. एक चल घ्यायचा, त्यात तो वेळ मिळवत जायचं, बेरीज तीनच्या वर गेली की मालकीणबाईला बोलायला सांगायचं. आणि स्क्रिप्ट वस्तूला जोड, कथानकाला नको. कथानकाला जोडलीस तर तीनचे पाच होतील.

"पाच कसे?"

सांगितलं. तो शेरा अजून तिथंच होता, पाच सेकंदांचा. ज्यानं तो पहिल्यांदा लिहिला त्याचं नाव मला तेव्हाही ठाऊक नव्हतं.

मग 'प्लेसअ‍ॅटमी'चं पान उघडलं आणि वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. नव्या खेळात लपवलेल्या वस्तूंचं काय होतं, सेव्ह फाईल तशीच फुगते का, हे जुन्या शेऱ्यावरून ठरवता येणार नाही. यंत्र तेच असलं तरी वरचा डोलारा नवा आहे. कुणीतरी मोजायला हवं. माझ्या लॅपटॉपवर तो खेळ चालायचा नाही, सुरूसुद्धा होणार नाही.

"तुझ्या यंत्रावर एक काम करशील?" मी भाच्याला विचारलं. "संध्याकाळी सातला एक दिवा निर्माण करायचा, दहाला लपवायचा. खेळातले तीस दिवस जाऊ द्यायचे. रोज सेव्ह फाईल किती मोठी झाली ते वहीत लिहायचं."

"वहीत?"

"बरं, एक्सेलमध्ये लिही."

रविवारी करतो म्हणाला. रविवारी त्याचा क्रिकेटचा सामना होता, मग पुढच्या आठवड्यात परीक्षा आली. चवथीला घरी आला तेव्हा विचारलं. सतरा दिवसांचे आकडे झालेत मामा, तेरा राहिलेत, म्हणाला. माटोळी बांधून झाल्यावर दोघं बसलो आणि अठरावा दिवस सुरू केला.